ओठ उचलून बघणाऱ्या पंचफुलाबाई

पंचफुलाबाईंना कुत्री आवडत नसत. मांजरं तर त्याहून नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण प्राण्यांवर जीव टाकणाऱ्या माणसांबद्दल मी बरंच वाचलंय आणि आता मला त्याचा कंटाळा आलाय. पंचफुलाबाई खंदारे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक होत्या. हा शब्द फक्त सेवापुस्तकात असतो. लोक डरेसर म्हणत. चोवीस वर्षं त्यांनी जनावरांच्या जखमा धुतल्या, अळ्या वेचल्या, पट्ट्या बांधल्या. कुणी भारावून म्हणालंच, "बाई, तुमचं लई प्रेम बगा मुक्या जित्राबावर," तर त्या हातातली बादली खाली ठेवून म्हणत, "प्रेम कशाचं? नोकरी हाय माझी."

परवा इथे वसमतला एक मुलगी मांजर घेऊन आली. ती काही सांगायच्या आत माझ्या अंगठ्याने मांजराचा ओठ उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाणी कवा पेलं हिनं?" मी पुण्यात वाढलेला माणूस. हे 'कवा पेलं' माझ्या तोंडात कुणी ठेवलं ते मला पक्कं माहीत आहे.  

हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावकडून आत वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात माझी तिसरी नेमणूक झाली तेव्हा मी पस्तिशीचा होतो आणि नोकरीला आधीच विटलेलो होतो. दोन खोल्यांचा दवाखाना, अंगणात बैल अडकवायचा लोखंडी खोडा, एक हौद, एक नळ. पंचफुलाबाईंच्या हिशेबात मी नववा साहेब. आठ येऊन बदलून गेले होते आणि त्यांतल्या कुणाचंही नाव त्या घेत नसत. "पैले चष्मेवाले", "ते गाणं म्हननारे", एवढंच. मी कोणत्या नावाने जाणार आहे, ही काळजी मला पहिल्या आठवड्यातच लागली.

मला गाई-म्हशींचं कळत होतं. कुत्र्या-मांजरांचा विषय मी कॉलेजात कसाबसा काढला होता. पण दिवस बदलले होते. मळ्याची राखण करणारी कुत्री लोक आता आजारी पडल्यावर वाऱ्यावर सोडून देत नव्हते, रिक्षात घालून आणत होते. शहरातून पामेरियन यायला लागले होते. आणि बाई दारापाशी उपड्या बादलीवर बसून या सगळ्यांकडे बघत असत.

बघत असत, हेच त्यांचं काम होतं. मालक बोलत असला की त्या त्याच्याकडे बघायच्याच नाहीत. जनावर रिक्षातून उतरतं कसं, चारही पाय सारखे टेकतं का, सावली शोधतं का, माणसाकडे पाठ करून कोपऱ्यात बसतं का, एवढं बघून झालं की उठायचं. मग ओठ वर करून हिरडीवर अंगठा दाबायचा, सोडायचा, आणि तिथला गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडायची. ती झटकन खाली बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर अंगातलं पाणी आटलेलं. आम्ही हे सगळं मोठमोठ्या नावांनी शिकलो होतो. त्यांच्याकडे नावं नव्हती, चार खाती होती: रगताचं, पोटाचं, मुताचं आणि डोक्याचं. पहिली तीन त्या अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. चौथं हळू सांगत.

गावातल्या शाळेचे जाधव गुरुजी एकदा त्यांचा बोका घेऊन आले. दोन दिवस राखेच्या ढिगावर जाऊन कुंथतोय, बद्धकोष्ठ झालंय, एरंडेल पाजलं तरी उपयोग नाही, असं त्यांनी सविस्तर सांगितलं. गुरुजींनी इतकं नीट निदान करून आणल्यावर मला विचार करायची गरज उरली नाही. मी पोट साफ व्हायचं औषध लिहायला घेतलं.

"साहेब," बादलीवरून आवाज आला, "त्याचं हगाचं दुखणं न्हाई. मुताचं हाय."

"कशावरून?"

"चाटायलंय कुठं ते बघा ना."

बोका खरंच टेबलावर वाकून एकाच जागी चाटत होता. मी पोट दाबून पाहिलं. मूत्राशय लिंबासारखं टणक लागलं. बोक्यांना हे होतं. खडे किंवा चिकट गाळ अडकून लघवी तुंबते, आणि एखाद-दोन दिवसांत विष रक्तात चढतं. मी हे वाचलेलं होतं. मांजरासाठीची नळी दवाखान्यात नव्हती. सलाइनच्या सुईवरची बारीक प्लास्टिकची नळी वापरून कसंबसं जमवलं. लालसर लघवीची धार टेबलावर आली तेव्हा गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना त्याचं काही नव्हतं. "दोन दिवस काय बघत बसला, गुरुजी?" त्या टेबल पुसत म्हणाल्या. "बोका कुंथाया लागला अन् थेंब पडंना, तर सकाळची दुपार बी करायची न्हाई. पोरायला शिकवता ना तुमी?" गुरुजी त्यानंतर दवाखान्यावरून जाताना बाईंना नमस्कार करून जात. बाई तिकडे बघत नसत.

माझी खरी फजिती गफूरभाईंच्या कुत्र्याने केली. गफूरभाई हळद शिजवायच्या आणि घासायच्या कामावर होते. हंगामात हा माणूस डोक्यापासून पायापर्यंत पिवळा असे. "डॉक्टरसाब, शेरू दो दिन से पड़ा है, कुछ खाता नहीं," म्हणत त्यांनी कुत्रा टेबलावर ठेवला. मी आता शहाणा झालो होतो. आधी ओठ उचलला. हिरड्या पिवळ्याधमक. मी विजयी मुद्रेने बाईंकडे पाहिलं आणि म्हणालो, "कावीळ. लिव्हर गेलंय."

बाई उठल्या. कापसाचा बोळा मिठाच्या पाण्यात बुडवून त्यांनी शेरूची हिरडी पुसली आणि बोळा माझ्यापुढे धरला. तो पिवळा झाला होता.

"साहेब, ही हिंगोलीची कावीळ हाय."

गफूरभाई दोन दिवस स्वतःच्या त्या हातांनी कुत्र्याचा जबडा उघडून हळद घातलेलं दूध पाजत होते. रंगाखालची हिरडी धुतलेल्या फडक्यासारखी पांढरी निघाली. बाईंनी कान उलटा केला. आत गोचिडांची रांग बसलेली. पोटावर बारीक लाल ठिपके. सकाळी नाकातून थोडं रक्त आलं होतं, ते गफूरभाईंनी उन्हावर ढकललं होतं. "रगताचं हाय," बाई म्हणाल्या, आणि होतं तसंच. गोचीड ताप. शेरू तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी उठला. निघताना बाईंनी गफूरभाईंना बजावलं, "बैलाचं गोचिडाचं औषध हाय ना घरात, ते तसंच ह्याच्यावर वतू नका. अन् मांजरीला तर बोट बी लावू नका त्याचं. थरथर कापून मरती." गफूरभाई म्हणाले, "बराबर है, बाई." या जिल्ह्यात जखम, ताप, खोकला, सगळ्यावर हळद जाते, त्यामुळे माझ्या टेबलावर तेव्हापासून आधी पुसायचा बोळा असतो.

बाईंचा लौकिक हिंगोलीपर्यंत गेला तो एका डोहाळजेवणामुळे. तिथल्या एका भुसार व्यापाऱ्याचं कुटुंब चारचाकी घेऊन आलं. मागच्या सीटवर गादीवर त्यांची परी, आठ वर्षांची पामेरियन. परीला दिवस गेले होते. पोट दिसत होतं, पाणी मागून मागून पीत होती, सुस्तावली होती. घरच्यांनी तिला हिरवं कापड नेसवून, फुलांचे दागिने घालून, शेजारणींना बोलावून रीतसर डोहाळजेवण केलं होतं. फक्त परी बर्फीसुद्धा खात नव्हती, म्हणून दाखवायला आणली होती. बाईंनी मोबाइलवरचे सगळे फोटो शांतपणे बघितले. मग विचारलं, "माजावर कवा आली व्हती?"

"दोन महिने झाले असतील."

"शेपटीखाली ओलं ऱ्हातं का? वास येतो का?"

व्यापाऱ्याची बायको संकोचली. हो म्हणाली.

"ताई, हिला दिवस न्हाई गेले. पिशवीत पू झालाय. उद्यावर ढकलू नका, इथूनच परभनीला न्या. आप्रेशन लागतंय."

व्यापाऱ्याच्या बायकोचा चेहरा पडला आणि मग चढला. "तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. डॉक्टर हे हाईत. ते बी हेच सांगतील, जरा गोड शब्दांत."

मी गोड शब्दांत तेच सांगितलं. परी वाचली. पंधरवड्याने मिठाईचा डबा आला तो बाईंनी रांगेतल्या लोकांत वाटून टाकला. स्वतः एक तुकडा तोंडात टाकला नाही. मी चिडवलं, "बाई, निदान पेढ्याएवढं तरी श्रेय घ्या." त्या म्हणाल्या, "दमले मी, साहेब."

"दमले मी" हे त्या वेळ सांगावी तसं सांगत. तक्रार नसे त्यात. मुलगा पुण्याकडे कंपनीत, सून तिकडचीच. बाई गावात एकट्या. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जात, एरवी घर आणि दवाखाना. पायांच्या शिरा फुगलेल्या. प्रत्येक जनावरानंतर कोपरापर्यंत हात साबणाने धुवायचे, हात लावला नसला तरी. इतके धुवायचे की त्यांच्या हातांची कातडी कायम पांढुरकी, सुरकुतलेली असे. मला वाटायचं, सोवळं असतं एकेकाचं. त्या नवऱ्याच्या जागेवर अनुकंपा तत्त्वावर लागल्या एवढंच मला माहीत होतं. नवरा कशाने गेला ते मी विचारलं नव्हतं. सरकारी नोकरीत माणूस असे प्रश्न विचारायचं विसरतो.

बाईंच्या निवृत्तीला दोन आठवडे उरले असताना तांड्यावरची झमकीबाई आली. चाळिशीची, अंगाने काटक, दिवाळीच्या तोंडावर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाणारी. दिराच्या मोटारसायकलवर मागे बसून तिने काळा कुत्रा मांडीवर आणला होता. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत होता. लाळेची तार खालपर्यंत. भुंकायला गेला की आवाज घोगरा, फाटका.

"हाड अडकलं जी घशात," झमकीबाई म्हणाली. "सकाळपासून पानी बी गिळंना. मी हात घालून पायलं, हाताला काय लागंना. तुमी चिमट्यानं काढा."

दुपारचे दोन वाजले होते. सकाळपासून सत्तर गुरांना लस टोचून मी आलेलो, डबा उघडायचा राहिलेला. मी लांब चिमटा घेतला, बॅटरी लावली आणि दुसऱ्या हाताने जबडा धरायला वाकलो.

पंचफुलाबाईंनी मला मागून कॉलरला धरून ओढलं. पाच वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. मी दोन पावलं मागे गेलो आणि चिमटा फरशीवर पडला.

"हात न्हाई, साहेब," त्या म्हणाल्या. आणि मग हळू, "हे डोक्याचं हाय."

पिसाळलेलं कुत्रं म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चावत सुटलेलं कुत्रं येतं. हा दुसरा प्रकार मुका असतो. जबडा आणि घसा लुळा पडतो, गिळता येत नाही, आणि बघणाऱ्या प्रत्येक माणसाला वाटतं की घशात हाड अडकलंय. मायेचा माणूस असेल तो हात घालतो. परीक्षेत मी यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. माझी स्वतःची लस झालेली होती, पण लाज त्याने कमी होत नाही.

बाईंनी झमकीबाईचा हात उलटा केला. मनगटाजवळ दाताचा ओरखडा, रक्त सुकलेलं. त्यांनी तिला नळाखाली नेलं, साबण दिला आणि बादली लावली. "दोन बादल्या भरस्तोवर धुवायचं. थांबायचं न्हाई." झमकीबाई हसत होती. तिला वाटत होतं, कुत्र्याचा इलाज राहिला बाजूला आणि ही म्हातारी आपलाच हात धुते आहे. कुत्रा आम्ही जाळी टाकून मागच्या शेडमध्ये बांधला. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेला.

त्याच दुपारी बाई झमकीबाईला घेऊन बसने हिंगोलीला गेल्या. जखमेत भरायचं सिरम आणि पहिलं इंजेक्शन तिथे मिळालं. अशी पाच घ्यायची होती, महिनाभरात ठरल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या तेव्हा डोळे तांबारलेले होते. मी चहा दिला. त्या उपड्या बादलीवर बसल्या आणि मी न विचारताच बोलल्या.

"आमच्या ह्यायनं बी हातच घातला व्हता. ह्याच दवाखान्यात. डॉक्टर दौऱ्यावर, एक जन कुत्रं घेऊन आला, हाड अडकलं म्हने. हे परिचर व्हते. मायाळू लई. घातला हात. कुत्रं तिसऱ्या दिशी मेलं. तवा पोटात चौदा सुया घ्याव्या लागत. सहा घेतल्या. मंग गुरायच्या लसीचा कँप लागला, साहेब म्हनले रघुनाथ पायजे. हे म्हनले, मला काय झालंय, बरा तर हाय. मी रोज सांगायची, जा हो, सुई घेऊन या. सैपाक करता करता सांगायची. अडीच महिन्यानं पानी गिळना झालं."

चहा संपवून त्या हात धुवायला गेल्या. मी त्या धुण्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्शनला त्या स्वतः तांड्यावर जाऊन झमकीबाईला बसमध्ये घालून तालुक्याला घेऊन गेल्या. झमकीबाई वैतागायची. "मला काय झालंय बाई? काहून पाठी लागल्या?" बाई तिकिटाचे पैसे मोजत. पण तिसऱ्या इंजेक्शननंतर दोनच दिवसांत टोळीचा ट्रक आला आणि झमकीबाई नवऱ्यासकट सांगलीकडे ऊसतोडीला निघून गेली. दोन इंजेक्शनं राहिली होती. जाताना तिने बाईंना फोन नंबर दिला आणि कागद पदराला बांधून नेला. तिकडे कुठल्याही सरकारी दवाखान्यात मिळेल, असं आम्ही चार वेळा सांगितलं होतं.

चौथ्याचा दिवस नेमका बाईंच्या निरोप समारंभाचा. अंगणात सतरंजी, खोड्याला हार, सरपंच, गुरुजी, गफूरभाई, सगळे आलेले. बाईंच्या खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. सरपंच मुक्या प्राण्यांच्या माउलीवर बोलत होते. बाई मधूनच उठल्या, हौदाच्या कडेला गेल्या आणि फोन लावला. गावाकडे फोनवर मोठ्याने बोलायची सवय. सरपंचांना थांबावंच लागलं.

"घेतली का सुई? घेतली? बरं. कोनत्या हातात?"

 बाईंचा चेहरा बदलला.

"झमके, खोटं बोलू नको माझ्याशी. कोनत्या हातात दिली ते मानसाला दोन दिस याद ऱ्हातं, दुखतं. उद्या सकाळी जा. मुकादमाला दे फोन. दे म्हनते ना!"

मुकादमाशी त्या दहा मिनिटं बोलल्या. काय बोलल्या ते अंगणातल्या सगळ्यांनी ऐकलं आणि लिहिण्यासारखं नाही. मग येऊन खुर्चीवर बसल्या, शाल सारखी केली आणि सरपंचांना म्हणाल्या, "हं, बोला." दुसऱ्या दिवशी दुपारी तिकडून झमकीबाईचा फोन आला: डाव्या हातात, आणि लई ठणकतंय. बाईंनी एवढंच म्हटलं, "ठणकू दे."

राहिलं शेवटचं. त्याच्या आदल्या दिवसापासून झमकीबाईचा फोन बंद. मुकादमाचाही लागेना. बाई आता नोकरीत नव्हत्या, तरी सकाळी येऊन बादलीवर बसल्या आणि दिवसभर फोन लावत राहिल्या. त्या जागेवर अजून कुणी आलेलं नव्हतं, त्यामुळे मला वाटायचं काही बदललेलंच नाही. संध्याकाळी मी म्हणालो, "बाई, सिरम झालंय, चार झालीत. आता फारसा धोका नाही."

"फारसा म्हंजी किती?"

 पाच लिहून दिली होती ती पाच घ्यावीत, यापलीकडे मलाही काही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. शेजारणीने सांगितलं, पहाटेच पिशवी घेऊन हिंगोलीला गेल्या, तिथून लातूर-सोलापूर करत सांगलीकडे. गावाचं नाव अर्धवट माहीत, कारखान्याचं नाव माहीत, बस. साठ वर्षांची बाई, त्या पायांनी. मला राग आला. आपल्याला न सांगता गेल्या याचा, आणि सांगितलं असतं तर आपण गेलो नसतो याचा. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी फोनवरून त्यांनी निरोप दिला की हिंगोलीत उतरतेय. मला तसंही मीटिंगला जायचं होतं. स्टँडवर पोचलो तेव्हा त्या फलाटावरच्या सिमेंटच्या बाकावर बसल्या होत्या. चपला काढून पाय जमिनीला टेकवलेले, घोटे सुजून गोल झालेले. साडीच्या काठाला उसाची पाचट चिकटलेली.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. फडात जाऊन आनली तिला. एक दिवस उशीर झाला. नर्सबाई म्हनली चालतं." त्यांनी ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला. पाच चौकोन, पाचांत सही. झमकीबाईने तो कागद त्यांच्याकडेच देऊन टाकला होता, आपलं काम संपलं म्हणून.

मी चहा आणून हातात दिला. माझा राग अजून थोडा शिल्लक होता. म्हणालो, "बाई, तिथल्या पोलीस पाटलाला फोन केला असता, दवाखान्यात कळवलं असतं. कुणीतरी जाऊन सांगितलं असतं तिला. एवढ्या लांब जायची काय गरज होती?"

त्यांनी कागद परत ब्लाउजमध्ये खोचला.

"आमच्या ह्यायला बी मी सांगितलंच व्हतं की, साहेब. रोज सांगितलं. हाताला धरून न्हाई नेलं."

दोन घोट घेतले आणि त्यांचं डोकं हळूहळू मागच्या खांबाला टेकलं. मी कप काढून घेतला तरी बोटं तशीच राहिली. तोंड किंचित उघडं, श्वास एकसारखा. पुसेगावची गाडी लागली. कंडक्टरने दोनदा हाक दिली, लोक चढले, गाडी निघून गेली. मी त्यांना उठवलं नाही.